कचऱ्याच्या मागोमाग : सीपी तलाव ते वालिवली

शुक्रवार, वागळे इस्टेट

लोक सुट्टी काढून कोकणात जातात. मी सुट्टी काढून मामांबरोबर कचरा बघायला निघालो. मामा म्हणजे बायकोचे मामा. आयुष्यभर स्वच्छता निरीक्षक म्हणून नोकरी केली, आता निवृत्त. "जावयाला डंपिंग दाखवणारा मी पहिलाच सासरा असेन," असं सगळ्यांना सांगत फिरत होते.

निमित्त झालं बदलापूरचं. अंबरनाथ, बदलापूर या दोन नगरपालिका आणि उल्हासनगर महापालिका, असा तिघांचा मिळून एक घनकचरा प्रकल्प बदलापूरजवळच्या वालिवलीत. मला तोच बघायचा होता. मामा म्हणाले, "थेट तिकडे गेलात तर काही कळणार नाही. आधी बाकीचे एकेकटे काय करतात ते बघा." म्हणून सुरुवात घरापासून, ठाण्यापासून.

वागळे इस्टेटमधल्या सीपी तलावाजवळ ठाण्याचं कचरा हस्तांतरण केंद्र आहे. गल्लीबोळांतून फिरून आलेल्या घंटागाड्या इथे रिकाम्या होतात आणि कचरा मोठ्या गाड्यांत भरून पुढे जातो. मध्यंतरी इथे ढीग साचले, आसपासच्या वस्त्यांत ओरड झाली, तेव्हा कुठे बऱ्याच ठाणेकरांना कळलं की आपला कचरा आधी इथे येतो. तोवर घंटागाडीची घंटा वाजली की आपला संबंध संपला, अशीच सगळ्यांची समजूत.

आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. एक कॉम्पॅक्टर (कचरा दाबून भरणारी गाडी) वळला आणि त्याच्या मागच्या तोंडातून काळ्या पाण्याची धार डांबरावर पडत गेली. मामांनी बोट दाखवलं. "ते बघा. आपल्याकडे कचऱ्यात निम्म्याहून जास्त ओला माल. म्हणजे पाणी. डिझेल जाळून आपण वीस-पंचवीस किलोमीटर पाणी वाहून नेतो आणि त्याचे टनावर पैसे मोजतो." एकत्र प्रकल्पाचा पहिला हिशोब तिथेच रस्त्यावर झाला : जागा जितकी लांब, तितकी ओल्या कचऱ्याची वाहतूक महाग. तीन शहरांनी एकच कारखाना काढला की यंत्रं स्वस्त पडतात, गाड्या महाग पडतात. ओला कचरा आपल्याच गावात जिरवायचा आणि उरलेलाच लांब न्यायचा, असं केलं तर दोन्हीकडे फायदा. पण मग घराघरात वेगळं करण्याची शिस्त हवी. ती कुठल्या करारात लिहून आणणार?

शनिवार, दिवा आणि चौदा गावं

ठाण्याहून धीम्या लोकलने दिवा. कळवा, मुंब्रा, दिवा, पंधराएक मिनिटं. ठाणे महापालिका १९८२ ची, पण शहराला स्वतःचं म्हणावं असं शास्त्रीय डंपिंग कितीतरी वर्षं मिळालंच नाही. दिव्यात कचरा पडत राहिला, पेटत राहिला. २०२३ च्या सुरुवातीला तो बंद झाला.

जवळच्या एका किराणा दुकानात पाणी घ्यायला थांबलो. दुकानदार म्हणाला, "संध्याकाळी खिडक्या लावून घ्यायचो. उन्हाळ्यात पण. पंखा लावला की धूर फिरायचा नुसता." आता कसं, असं विचारलं तर म्हणाला, "आता बरं. पण डोंगर तसाच आहे ना." तसाच म्हणजे गाड्या थांबल्या, साचलेलं थांबलेलं नाही. जुन्या ढिगाऱ्याला चाळून माती, प्लास्टिक, दगड वेगळं करायला बायोमायनिंग म्हणतात. ते काम वर्षानुवर्षं चालतं आणि त्याचा खर्च कुठल्याच उद्घाटनाच्या फलकावर येत नाही.

दिव्याहून रिक्षाने शीळ फाटा. वाटेत डायघर. ठाण्याच्या कचऱ्यापासून वीज करण्याच्या प्रकल्पासाठी इथली जागा फार पूर्वीच ठरली होती. गावकऱ्यांचा विरोध, मग वर्षं गेली, मग पुन्हा हालचाल, आणि दिवा बंद करायची वेळ आली तेव्हा कुठे काम पुढे सरकलं. मधल्या काळात कचरा टाकायचा कुठे? तर दहिसर मोरीच्या पुढे भंडार्लीत भाड्याच्या जागेवर. तात्पुरता म्हणून.

भंडार्लीची गोष्ट मला सगळ्यात जास्त रंगतदार वाटली, म्हणून थोडं सविस्तर. भंडार्ली हे चौदा गावांपैकी एक. दहिसर, निघू, नावाळी, वाकळण, उत्तरशिव, नारिवली वगैरे. ही गावं आधी नवी मुंबई महापालिकेत होती. २००७ मध्ये वगळली. मग ग्रामपंचायती राहिल्या. त्या काळात ठाण्याचा कचरा तिथे आला. गावांनी आंदोलनं केली, पुढे ते बंदही झालं. आणि २०२४ मध्ये हीच चौदा गावं पुन्हा नवी मुंबईत घेतली गेली. म्हणजे ठाण्याने ज्या गावात कचरा टाकला ते गाव आज दुसऱ्याच महापालिकेचं. तिथल्या जमिनीत मुरलेल्या पाण्याचं उत्तर आता कोणी द्यायचं? दोन महापालिका एकत्र आल्या खऱ्या, पण ठरवून नाही, आणि कागद न करता.

नाक्यावरच्या टपरीवर एक आजोबा बसले होते, पांढरी टोपी, अंगात बनियन. मामांनी विषय काढताच म्हणाले, "तुमचा कचरा तुमचे घरान ठेवा ना! आमचे गावान कशाला?" मामा हसले. मी नाही हसू शकलो. कारण प्रश्न साधा होता आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. भाडं जमीनमालकाला मिळालं, वास मात्र सगळ्या गावाला. गावाला गाव म्हणून काय मिळालं, हे कुणी विचारलंही नसावं.

रविवार, कोपरी

आज फारसं फिरलो नाही. सकाळी कोपरीत मामांच्या एका मित्राकडे चहा. त्यांच्या गच्चीवरून मुलुंडच्या डंपिंगची दिशा दाखवली. मुंबई महापालिकेने १९६७ पासून तिथे कचरा टाकला आणि १ ऑक्टोबर २०१८ ला तो बंद केला. क्षेपणभूमी मुंबईची, वारा ठाण्याचा. पन्नास वर्षांत ठाण्याने मुंबईकडे या वासाचं बिल कधी पाठवलं नाही, असं मित्र म्हणाले. त्यावर मामा : "पाठवायला कलम कुठे आहे?"

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत घनकचरा व्यवस्थापन हे नागरी संस्थांचं काम म्हणून लिहिलंय. प्रत्येकीचं आपापलं. २०१६ च्या घनकचरा नियमांत (१ एप्रिल २०२६ पासून त्यांच्या जागी नवे नियम आले) मात्र नगरविकास खात्यावर एक जबाबदारी टाकली होती : ५० किलोमीटरच्या परिघातल्या शहरांसाठी, गरज पडली तर त्याहून लांबच्याही, खर्च वाटून घेऊन एकच प्रादेशिक क्षेपणभूमी उभारायची. मोबाइलवर नकाशा उघडला. या सहलीतलं एकूण एक ठिकाण त्या पन्नासात बसतं.

सोमवार, कोपरखैरणे आणि तुर्भे

पुलावरून ऐरोली, मग कोपरखैरणे. तिथलं निसर्ग उद्यान जुन्या डंपिंगवर उभं आहे. सकाळी चालायला आलेल्यांपैकी अनेकांना हे माहीत असेल, मुलांना नसावं. गवतावर क्रिकेट चालू होतं. नवी मुंबईचं हे मला मानावंसं वाटतं. १९९२ ला महापालिका सुरू झाली, जुनी जागा बंद करून झाकली आणि तुर्भ्याला नवी शास्त्रीय क्षेपणभूमी केली. स्वच्छ सर्वेक्षणात २०२० ला देशात तिसरा क्रमांक आला, २०२३ च्या सर्वेक्षणातही तिसराच. त्याचं श्रेय रंगवलेल्या भिंतींना जातं तसं या पडद्यामागच्या जागेलाही द्यायला हवं.

तुर्भ्याला मामांच्या जुन्या ओळखीवर आत जाता आलं. सगळ्यात आधी वजनकाटा. गाडी भरलेली तोलतात, रिकामी तोलतात, पावती निघते. मग ओल्या कचऱ्याच्या लांबलचक रांगा. त्यांना विंड्रो म्हणतात. सकाळची वेळ, रांगांच्या माथ्यावरून वाफ निघत होती. एका कामगाराने लांब दांडीचा थर्मामीटर रांगेत खुपसला आणि बाहेर काढून आम्हाला दाखवला. काटा साठाच्या अलीकडे. आत जिवाणू काम करतात, त्यांची ऊब. रोग पसरवणारे जंतू या उष्णतेत मरतात, म्हणून रांग ठरावीक दिवसांनी उलटीपालटी करायची, म्हणजे बाहेरचं आत जातं. महिनाभराने हा माल गोल फिरणाऱ्या चाळणीतून काढतात. चाळणीखाली पडलेलं खत मी हातात घेतलं. काळं, भुसभुशीत, वास पहिल्या पावसातल्या मातीचा. आणि त्यात चमचमणारे चंदेरी तुकडे. वेफरच्या पाकिटांचे. कुठल्यातरी घरात कोणीतरी पाकीट ओल्याच्या डब्यात टाकलं होतं, ते एवढं सगळं पार करून माझ्या तळव्यावर आलं होतं.

"शेतकरी हेच बघून भाव पाडतो," तो कामगार म्हणाला.

चाळणीवर उरलेलं जळाऊ सुकं गठ्ठे करून सिमेंटच्या भट्ट्यांना जातं. त्याला आरडीएफ म्हणतात. त्याचाही भाव ओलाव्यावर. पावसाळ्यात तो कोणी घेईना, असं व्हायला वेळ लागत नाही.

बाहेर पडताना वर बघितलं तर घारी घिरट्या घालत होत्या. तेवढ्यात त्यांच्याही वरून एक विमान गेलं. उलव्याचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आहे. आणि त्याच २०१६ च्या नियमांत क्षेपणभूमी विमानतळापासून २० किलोमीटर दूर हवी असं होतं, दहा ते वीसच्या मधे हवी असेल तर विमान खात्याचा ना-हरकत दाखला. आता तुर्भे, तळोजा, पनवेल या सगळ्या भागात नवी जागा शोधायची म्हटलं तर हातात कंपास घेऊनच बसावं लागणार. एकेकट्या महापालिकेला आपल्या हद्दीत नियमात बसणारी जागा मिळणं आता जवळपास अशक्य आहे, हे मला इथे पहिल्यांदा पटलं. एकत्र या म्हणून भाषणं करण्याची गरजच नाही. जागा संपली की येतीलच.

मंगळवार, महापे आणि तळोजा

आज मामांचा आवडता दिवस. "नगरपालिकांना जे जमत नाही ते कारखानदारांनी कधीच केलंय, चला दाखवतो."

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या टीटीसी औद्योगिक वसाहतीत शेकडो कारखाने. रंग, औषधं, रसायनं. त्यांचा घातक कचरा एकेका कारखान्याने आपल्या कुंपणात पुरायचा म्हटलं तर काय झालं असतं ते सांगायला नको. म्हणून महाप्याला सामायिक घातक कचरा केंद्र झालं आणि तळोज्यात दुसरं, मोठं. तळोज्याचं २००२ पासून चालू आहे. सगळेजण माल पाठवतात आणि पाठवलेल्या मालाचे पैसे मोजतात.

फाटकाबाहेर एका टँकरवाल्याशी बोललो. त्याच्याकडे कागदांची चळत होती. घातक कचऱ्याच्या प्रत्येक फेरीला मॅनिफेस्ट (मालाबरोबर जाणारा नोंदीचा कागद) लागतो, सात प्रतींत, सात रंगांत. पांढरी प्रत कारखाना प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवतो, पिवळी वाहतूकदाराची सही घेऊन स्वतःकडे ठेवतो. गुलाबी माल घेणाऱ्याची, नारिंगी वाहतूकदाराची. हिरवी घेणाऱ्याकडून मंडळाला. निळी परत कारखान्याला, म्हणजे माल पोचल्याची खूण. करडी दुसऱ्या राज्यात जायचं असेल तर. माल निघाला आणि पोचलाच नाही, तर निळी प्रत येत नाही आणि कारखान्याला जाब द्यावा लागतो. वाटेत खाडीत टँकर रिकामा करणारे नाहीत असं नाही, कासाडी नदीची जी अवस्था झाली ती आपोआप झाली नाही. पण निदान कोणाचा माल कुठे थांबला हे शोधायला दोरा आहे. आपल्या घरच्या कचऱ्याला असला दोरा कुठे असतो?

दवाखान्यांचं तर याहून कडक. २०१६ च्या जैववैद्यकीय नियमांप्रमाणे ७५ किलोमीटरच्या आत सामायिक प्रक्रिया केंद्र असेल तर रुग्णालयाने स्वतःची भट्टी उभारायचीच नाही. पिवळी पिशवी बारकोड लावून त्या केंद्रात. ४८ तासांहून जास्त ठेवायची नाही. म्हणजे तिथे एकत्र येणं ऐच्छिक नाहीच, एकट्याने करणं हाच गुन्हा.

तळोज्याच्या नाक्यावर मिसळ खाताना आमचा वाद झाला. माझं म्हणणं, कारखान्यांना जमलं कारण त्यांच्यावर मंडळाचा बडगा आहे. मामांचं म्हणणं, बडगा नगरपालिकेवरही आहे, हरित लवाद दंड लावतोच. खरा फरक हिशोबाचा. कारखानदार टनाचा दर मोजतो, म्हणून कमी कचरा काढायला बघतो. नगरपालिका सामायिक प्रकल्पात हिस्सा भरते तो लोकसंख्येवर किंवा ठोक रकमेवर. मग जो गाव कचरा वेगळा करतो त्याला काही बक्षीस नाही आणि जो सगळा कालवून पाठवतो त्याला शिक्षा नाही. "सामायिक प्रकल्प वजनकाट्यावर उभा राहतो हो. बाकीचं सगळं सिमेंट."

मला हे पटलं, पण पुरतं नाही. भंडार्लीचे आजोबा डोक्यातून जात नव्हते. वजनकाटा पाठवणाऱ्यांमधला हिशोब मिटवतो. ज्याच्या शिवारात तो काटा बसतो त्याचं काय? भिशीत पहिला नंबर सगळ्यांना हवा असतो. इथे नंबर कोणालाच नको, कारण नंबर लागला की पैसे नाही, कचरा घरी येतो. मग टनामागे काही रक्कम थेट यजमान गावाच्या खात्यात, रस्ता आणि पाण्यासाठी, आणि त्या गावाला हवं तेव्हा आत येऊन तपासायचा हक्क, असं का नको? मामा म्हणाले, सरकारी भाषेत याला तरतूद नाही. मी म्हटलं, तरतूद करायला आता नगरसेवक आहेत. नवी मुंबईत २०२० पासून आणि ठाण्यात २०२२ पासून प्रशासक होते. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं. यावर मामांनी तर्री मागवली.

दुपारी घोट-चाळची सिडकोची क्षेपणभूमी लांबून पाहिली. सिडकोने आपल्या वसाहतींसाठी केलेली. १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महापालिका झाली, खारघर, कळंबोली, कामोठे तिच्यात गेले, कचरा मात्र जुन्याच जागी जात राहिला. जागा एकाची, कचरा दुसऱ्याचा. यालाही एकत्र येणंच म्हणायचं. ऊन फार होतं, परतलो.

बुधवार, बदलापूर

ठाण्याहून बदलापूर लोकल. वाटेत उल्हासनगर आणि अंबरनाथ लागतात, म्हणजे तिन्ही भागीदार एकाच रुळावर. उल्हासनगरने म्हारळला कचरा टाकला, तो डोंगर भरला, मग कॅम्प पाच. अंबरनाथचा मोरिवलीहून चिखलोलीला गेला. प्रत्येक जागा भरली की दुसरी, आणि दुसरीकडे लोकवस्ती आधीच पोचलेली. या तिघांचं एकत्र येणं हौसेचं नाही, हे गाडीच्या खिडकीतूनच कळतं.

स्टेशनवरून रिक्षाने वालिवली. (चौदा गावांतलीही एक वालिवली आहे, ती वेगळी.) पुलावर उतरलो. खाली उल्हास नदी. प्रकल्पाच्या बाजूने जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी एक बाई भाजीची पाटी घेऊन बसल्या होत्या. मुळा, चवळी, घरच्याच शेतातली. तिघांचा कचरा इथे येणार, तुम्हाला काय वाटतं, असं मी विचारलं. त्यांनी मुळ्याची जुडी पाण्यात बुडवून झटकली. "बदलापूरचा येतच होता. आता पाहुणे वाढले. पाहुण्यांचं पाणी आमच्या विहिरीत नाही उतरलं म्हणजे मिळवली." मामांनी लिचेट (कचऱ्यातून झिरपणारं पाणी), ते अडवणारं तळाचं अस्तर, टाकी वगैरे समजावायला सुरुवात केली. त्या ऐकत होत्या, मधेच म्हणाल्या, "काका, फाटलं तर कळेल का आम्हाला, ते सांगा."

पुलावर परत येऊन थोडा वेळ उभे राहिलो. ही उल्हास पुढे जांभूळ, मोहिली, शहाडवरून जाते आणि जागोजागी तिचं पाणी उचललं जातं. शहाड-टेमघरची स्टेम कंपनी तेच पाणी ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदरला देते. कंपनी कोणाची? ठाणे, भिवंडी-निजामपूर, मीरा-भाईंदर या तीन महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद, अशी चौघांची मिळून. मी मामांकडे बघितलं. पाणी घ्यायला चार संस्थांनी कंपनी काढली, बिलं ठरवली, सगळं केलं. आणि त्या पाण्याच्या वरच्या अंगाला तीन गावांचा कचरा एकत्र होणार, तर त्या करारात खालच्या कोणाचं नावही नसेल. वालिवलीत अस्तर फाटलं तर ते त्या बाईंच्या विहिरीचं जेवढं, तेवढंच माझ्या वर्तकनगरच्या नळाचंही.

मामा एकदम कामाला लागले. परतीच्या लोकलमध्ये विंडो सीट मिळाली तर त्यांनी मांडीवर वही घेतली आणि माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला घेतला. तिन्ही संस्थांमधल्या कराराची प्रत. टनाचा दर की ठोक हिस्सा. कालवलेला कचरा आला तर गाडी परत पाठवण्याचं कलम आहे का. यजमान गावाला काय. आसपासच्या विहिरींचे नमुने कोण घेणार, किती दिवसांनी, आणि अहवाल गावात लावणार का. अंबरनाथ येईपर्यंत मजकूर झाला, पण पाठवायचा कोणाला यावर अडलं. प्रकल्प एक असला तरी जन माहिती अधिकारी तिघांचे तीन.

"तीन अर्ज करू," मामा म्हणाले, "आणि एकाचं उत्तर दुसऱ्याशी जुळतंय का तेही बघू." उल्हासनगरला उतरून त्यांनी दहा-दहा रुपयांची तीन कोर्ट फी तिकिटं घेतली.